फँटसी फुटबॉल: फ्लेक्सच्या जागी नेमके कोणाला बसवावे?

एडिसनकर:
कार्यालयातील सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर मी यंदा प्रथमच एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, फँटसी लीगमध्ये उतरलो आहे; येथे खऱ्या खेळाडूंचा संघ निवडायचा आणि त्यांच्या कामगिरीवरून गुण मिळवायचे. आमच्या लाइनअपमध्ये एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणाराही), एक फ्लेक्स, एक किकर आणि एक डिफेन्स अशा नऊ जागा आहेत. क्रिकेटच्या सवयीने मी फ्लेक्स म्हणजे अष्टपैलूची जागा समजून बसलो होतो. तेथे रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही चालतो, हे नंतर कळले.

गेल्या आठवड्यात गुरुवारी रात्री खेळणारा रनिंग बॅक मी फ्लेक्समध्ये ठेवला आणि उरलेल्या दोघांना रनिंग बॅकच्या दोन जागा दिल्या. त्यांपैकी एकाचा सामना सोमवारी रात्री होता आणि तो खेळणार नसल्याचे सामन्याच्या दीड तास आधी जाहीर झाले. माझ्या बेंचवर त्याच सामन्यातील एक वाइड रिसीव्हर मोकळा बसलेला होता, परंतु अ‍ॅप त्याला रनिंग बॅकच्या जागी घेईना. ती जागा शून्यावर राहिली आणि मी चार गुणांनी हरलो. माझे नेमके काय चुकले?

उशिराचा_सामना:
आपली निवड ठीक होती, मांडणी चुकली. खेळाडूचा सामना सुरू होताच तो ज्या जागेवर असेल तेथेच कुलूपबंद होतो, त्यामुळे गुरुवारच्या खेळाडूला फ्लेक्समध्ये बसवले की आठवड्यातील सर्वांत लवचिक जागा पहिल्याच रात्री हातची जाते. गुरुवारचा आणि रविवारचा असे दोघे रनिंग बॅकच्या जागांवर आणि सोमवारचा फ्लेक्समध्ये असता, तर आयत्या वेळी तो वाइड रिसीव्हर सहज आत आला असता. गुण मोजताना खेळाडू कोणत्या जागेवर बसला आहे याने काहीच फरक पडत नाही, म्हणून ही अदलाबदल फुकटात होते. रविवारीही हेच धोरण ठेवावे: पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी १ वाजताचे सामने खेळणारे आपापल्या ठरलेल्या जागी आणि ज्याचा सामना सर्वांत उशिरा तो फ्लेक्समध्ये, विशेषतः त्याच्या नावापुढे दुखापतीमुळे ‘क्वेश्चनेबल’ (खेळणे अनिश्चित) असा शेरा असेल तर. काही लीगमध्ये मात्र पहिल्या सामन्याबरोबर संपूर्ण लाइनअप बंद होते; तेथे या युक्तीचा उपयोग नाही.

आकडेमोड्या:
कोणाला बसवायचे हे गुणपद्धतीवर ठरते, आणि ती आपण सांगितलेली नाही. समजा, एका रनिंग बॅकने धावून ६२ यार्ड काढले आणि एक झेल घेऊन आणखी ६ यार्ड मिळवले. दुसरीकडे एका वाइड रिसीव्हरने सहा झेलांत ५४ यार्ड मिळवले. दहा यार्डांना एक गुण या नेहमीच्या हिशेबाने पहिल्याला ६.८ आणि दुसऱ्याला ५.४ गुण मिळतात. पण प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या, म्हणजे पीपीआर लीगमध्ये, तेच आकडे ७.८ आणि ११.४ होतात. झेलाला अर्धा गुण देणाऱ्या अर्ध्या पीपीआरमध्येही ७.३ विरुद्ध ८.४ असा रिसीव्हरच पुढे राहतो. म्हणून पीपीआरमध्ये फ्लेक्ससाठी मी भरपूर पास ज्याच्याकडे येतात अशा रिसीव्हरकडे झुकतो. भरपूर झेल घेणारा रनिंग बॅक हाती असेल तर प्रश्नच मिटतो. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये ११६ झेल घेतले होते, पण असा खेळाडू फ्लेक्सची वाट पाहत बसलेला नसतो. टाइट एंड तेथे क्वचितच परवडतो, कारण त्या जागेवरचे मोजके अव्वल खेळाडू सोडले तर बाकीच्यांचे गुण टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) मिळाले तरच डोळ्यांत भरतात.

बेंचवरचा:
टाइट एंडबाबत मी इतका ठाम राहणार नाही. बाय वीकमध्ये, म्हणजे संघाच्या सुट्टीच्या आठवड्यात, दोन चांगले रिसीव्हर एकदम बाहेर गेले की दुसरा टाइट एंडच कामी येतो. शिवाय खेळाडूला अ‍ॅपने कोणत्या वर्गात टाकले आहे तेही पाहावे. न्यू ऑर्लिन्सचा टेसम हिल २०२२ मध्ये अनेक अ‍ॅपवर टाइट एंड म्हणून नोंदलेला होता, आणि सिअ‍ॅटलविरुद्ध त्याने ११२ यार्ड धावून तीन टचडाउन केले, वर चौथ्यासाठी पासही फेकला. आपल्या लीगमध्ये ‘सुपरफ्लेक्स’, म्हणजे क्वार्टरबॅकही चालणारा फ्लेक्स, असे लिहिले असेल, तर मात्र वरचे सगळे विसरून तेथे दुसरा क्वार्टरबॅकच बसवावा. २५० यार्ड आणि दोन टचडाउन पास ही त्याची साधारण बरी कामगिरी धरली, तरी पास फेकण्याच्या वेगळ्या नेहमीच्या हिशेबाने १८ गुण होतात.

एडिसनकर:
सर्वांचे आभार. आमची लीग अर्ध्या पीपीआरची आहे आणि सुपरफ्लेक्स नाही. या गुरुवारीही माझा एक रिसीव्हर खेळणार आहे. त्याला आत्ताच फ्लेक्समधून काढून वाइड रिसीव्हरच्या जागी हलवले आहे आणि फ्लेक्समध्ये रविवारी रात्री खेळणारा रनिंग बॅक ठेवला आहे. त्याच्या घोट्याच्या दुखापतीची बातमी शुक्रवारी येईल.