रिव्हर्स कॅमेरा स्वतः बसवलाय? अनुभव लिहा

मंडळी, १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले, पण त्याआधीच्या गाड्या आपल्या कोल्हापुरात अजून भरपूर पळतात. पेठेतल्या बोळात गाडी मागं घेताना बंपरखालचं काहीच दिसत नाही आणि तिथंच पोरं खेळत असतात. ज्यांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बसवलाय त्यांनी सविस्तर लिहा, वायर कुठनं नेली, करंट कुठनं घेतला, पावसात टिकला का.

मंगळवार पेठ, जुनी वॅगन आर
आधी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करायची, रिव्हर्स गिअर टाकायचा आणि मल्टिमीटरनं रिव्हर्स लाइटची कुठल्या वायरीत १२ व्होल्ट येतात ते बघून ठेवायचं, मग बॅटरीची मायनस काढूनच कामाला लागायचं. कॅमेऱ्याची लाल वायर त्या प्लसला, काळी बॉडीला, मधे छोटा फ्यूज टाकाच. पिवळी पिन व्हिडिओची. पुढच्या स्क्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब व्हिडिओ केबलबरोबर एक बारीक लाल वायर येते, ती लई जण तशीच सोडतात. ती मागं रिव्हर्स लाइटला आणि पुढं स्क्रीनच्या रिव्हर्सच्या वायरीला जोडली तरच गिअर टाकल्यावर कॅमेरा आपोआप लागतो.
खरा वेळ जातो डिकीच्या रबरात. छत आणि डिकीच्या मधे जो रबरी पाइप असतो त्यातनंच केबल न्या, बाहेरनं काढली की डिकी बंद करताना दबून तुटणार. मी रबर दोन्हीकडनं सोडवून सायकलच्या ब्रेकची तार आत घातली, तिला केबल चिकटपट्टीनं बांधली, साबणाचं पाणी लावलं आणि हळूहळू ओढली. पिलरमधे (काचेच्या बाजूचा छताचा खांब) एअरबॅग असेल तर केबल तिच्या पुढनं अजिबात नेऊ नका.

शाहूपुरी, आय टेन
मंगळवार पेठवाले दादा, तार घालायची युक्ती उपयोगी पडली, धन्यवाद. माझ्याकडनं एक भर. कॅमेऱ्याच्या वायरीला दोन छोट्या लूप होत्या, एक कापली की स्क्रीनवरच्या अंतर दाखवणाऱ्या रंगीत लाइनी जातात, दुसरी कापली की चित्र आरशासारखं दिसायचं थांबतं. मागं बघायला आरशासारखंच पाहिजे म्हणून ती ठेवली. लाइनी मात्र मी काढल्या, कारण त्या कॅमेऱ्याची उंची आणि कोन धरत नाहीत. बंपरपासून एक मीटरवर खडूनं रेघ मारून ती स्क्रीनवर कुठं येते ते बघितलं आणि तिथं बारीक चिकटपट्टी लावली. आता सासरे पण निर्धास्त गाडी मागं घेतात.

राजारामपुरी, नवी सेडान
चित्र थरथरत असेल तर कॅमेरा बदलू नका. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइटला करंट सलग येत नाही, तुकड्यातुकड्यानं येतो. मधे कंडेन्सरचा फिल्टर टाकला की चित्र शांत.

कळे, बोलेरो
गगनबावडा रोडचा पाऊस सगळ्यांना माहीतच आहे. डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ते कॅमेऱ्याचं, मागच्या जोडाचं न्हवं. पाणी जोडात शिरतं, पिनेवर हिरवं चढतं आणि चित्र जातं. म्हणून जोड डिकीच्या आत घ्या, सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. पत्र्याला होल पाडलं तर कडेला लगेच रंग लावा, न्हाईतर गंज तिथनंच सुरू होतो. ऊस हंगामात रस्त्यावर चिखल असतो तेव्हा गाडी काढायच्या आधी लेन्स पुसायची सवय घरात सगळ्यांना लावलीय.

उद्यमनगर, स्विफ्ट
खरेदीच्या आधी स्क्रीन एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा व्हिडिओ प्रकार) चालवतो का विचारा हो. एएचडी कॅमेरा साध्या स्क्रीनला लावला की वायरिंग बरोबर असूनही चित्र नीट येत नाही, आणि माणूस उगाच सगळं परत उचकटत बसतो. काही स्क्रीनमधे सेटिंगमधे दोन्हीचा पर्याय असतो, आधी तिथं बघा.

मंगळवार पेठ, जुनी वॅगन आर
कळेचे भाऊ, बोलेरोला मागं दार बाजूला उघडतं ना, मग केबल बिजागरीकडच्या रबरातनं नेली का? आमच्या मामांच्या गाडीला बसवायचाय. फोटो असला तर टाका.