उत्तरायण डिसेंबरात, मग संक्रांत 14 जानेवारीला का?

प्रश्न
भूगोलात शिकवतात की सूर्य 22 डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो. देवळात आणि घरोघरी सांगतात की उत्तरायण संक्रांतीपासून. दोन्ही खरं कसं? आणि चूक असेल तर धर्माचार्य ती सुधारत का नाहीत? शाळेतल्या मुलांना पटेल असं उत्तर हवंय.

उत्तर
सूर्य वळतो डिसेंबरातच, आणि ते अंगणात दिसतं. मीटरभर काठी ओळंबा लावून सरळ उभी करा. पुण्यात 21 डिसेंबरला मध्यान्हीची सावली साधारण 90 सेंटिमीटर पडते, वर्षातली सर्वांत लांब. 14 जानेवारीला ती 83 वर आलेली असते. हमखास होणारी चूक म्हणजे घड्याळात बारा वाजले की सावली मोजणं. पुण्याचा खरा मध्यान्ह 21 डिसेंबरला 12:33 च्या आसपास, तर 14 जानेवारीला 12:44 च्या. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी टोकाशी खडूची खूण करा आणि सर्वांत आखूड सावली धरा.

उत्तर
काठीचं बरोबर आहे. पण 14 जानेवारीलाही आधार आहे: त्या दिवशी सूर्य निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेल्या मकर राशीत शिरतो. संपातबिंदू (सूर्याचा वार्षिक मार्ग आकाशातलं विषुववृत्त छेदतो ती जागा) सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा 20 मिनिटांनी मोठं पडतं. सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकरप्रवेश एकत्रच होते. आज 24 अंशांचं, म्हणजे साधारण तितक्याच दिवसांचं अंतर आहे. संक्रांतीची तारीख अशी पुढे सरकत आली आहे. पानिपताची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणून ती संक्रांतीला झाली असं सर्रास सांगतात. त्या वर्षी संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास होती!

उत्तर
‘धर्म विरुद्ध विज्ञान’ एवढ्यावर हे भागत नाही. गणितात विज्ञान केव्हाच आलंय. ग्रहलाघव या जुन्या ज्योतिषग्रंथावरून काढलेल्या वेळा आकाशाशी जुळेनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकातच गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्र्यांनी नॉटिकल अल्मनॅक या ब्रिटिश खगोल-कोष्टकांवरून पंचांग केलं. अडलं ते राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर. टिळक पंचांग रेवतीचा तारा धरतं, बाकीची बहुतेक चित्रा. फरक चार अंशांचा, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत 10 जानेवारीला.

पुढे शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने 1955 च्या अहवालात सरकारी दिनदर्शिका ऋतूंना बांधली आणि ती 22 मार्च 1957 ला लागू झाली. धार्मिक सणांसाठी मात्र समितीने ऋतू आणि तारे यांच्या आरंभांतला 23 अंश 15 कलांचा (सव्वातेवीस अंशांचा) फरक कायमचा धरावा असं सुचवलं, म्हणजे सण ऋतूंपासून आणखी सरकणार नाहीत. पंचांगांनी ते घेतलं नाही. तिथे फरक वाढतोच आहे. समितीची सूचना सर्वांना मान्य करायला लावणारं एकच पीठ नाही, हे एक कारण. दुसरं जास्त अवघड: ज्या चांद्रमासात संक्रांत (सूर्याचा कोणत्याही राशीत प्रवेश) पडत नाही तो अधिक. आरंभबिंदू हलवला की काही वर्षी अधिक महिना बदलतो, आणि गणपती, दिवाळी महिनाभर सरकतात. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत हे आजही घडतं.

मुलांना ‘उत्तरायण’ आणि ‘मकरप्रवेश’ हे दोन वेगळे शब्द द्या. तिळगूळ मकरप्रवेशाचा.