19 वर्षं क्वालिटीत काढली, आता पेटी दुरुस्तीवर घर चालेल का?

भोसरीकर46 यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण पूर्ण वाचून मग सांगा.

वय 46. भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत 19 वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. इंजिनचे व्हॉल्व्ह गाईड बनायचे आमच्याकडे. दीड वर्षापासून ऑर्डरी घटत गेल्या. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि जानेवारीत 34 जणांना हिशेब देऊन घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला, कपाटाची किल्ली स्टोअरला जमा केली आणि गेटवर सही करून बाहेर पडलो. पहिले पंधरा दिवस सकाळी साडेपाचला जाग यायची. डबा भरायचा नाही हे आठवलं की उठून नुसता बसून राहायचो.

घरात वडिलांची पेटी आहे. 39 स्वरांची, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक वरचा असे दोन सूर. वडील भजनी मंडळात वाजवायचे, मीही विशारदपर्यंत शिकलो होतो. नोकरी लागल्यावर ते मागे पडलं, फक्त गणपतीत आरतीला पेटी बाहेर निघायची. फेब्रुवारीत सहज काढली तर मंद्र सप्तकातला गंधार नुसताच सीऽ करत होता. पेटी उघडली. पत्तीखाली, म्हणजे हवेनं थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली, कसरीनं खाल्लेल्या बनातीचा एक कण अडकला होता. पातळ कागद पत्तीखालून सरकवून तो काढला आणि सूर बोलला. मग शेजारचा सूर ऐकला, तो उतरलेला होता. असं करत करत पूर्ण पेटीच लावायला घेतली. अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत एक गोष्ट जाणवली. पितळेची पत्ती आणि तिच्या खाचेमधली फट बघताना डोळा आपोआप तोच झाला जो 19 वर्षं व्हॉल्व्ह गाईडच्या बोअरवर होता. कानस दोनदा फिरवायची, थांबायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. एक सूर काही केल्या जागेवर राहीना. मग लक्षात आलं की घासल्यावर पत्ती गरम असते. गरम पत्ती थोडी उतरलेली बोलते आणि गार झाली की चढते. कंपनीतही पार्ट मशीनवरून आला की गार झाल्याशिवाय मोजायचा नाही, हा नियम मीच नव्या पोरांना शिकवायचो.

मंडळातल्या बुवांनी ती पेटी ऐकली आणि आपली आणून दिली. आजपर्यंत सहा झाल्या. चार फक्त सामानाच्या पैशात, दोनचे मिळून 3,100 रुपये मिळाले. एवढीच कमाई.

आता खरी बाजू. महिन्याचा खर्च 41 हजार, त्यात घराचा हप्ता 13,500. बायको शाळेच्या ऑफिसात आहे, तिचे 17 हजार येतात. मुलगी बारावी सायन्सला. आमच्या इथल्या प्राधिकरण भागात एक गाळा बघितलाय, भाडं 14 हजार, डिपॉझिट एक लाख. पीएफ काढून दुकान टाकावं असं मनात आहे. दुसरीकडे चाकणला बारा तासांची कॉन्ट्रॅक्ट नोकरी आलीय, 19 हजारांची. ती घेतली तर पेटीला हात लावायला वेळ राहणार नाही, हे पक्कं.

या कामावर घर चालतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. मला हे काम मनापासून करायचंय.

सांगलीचा पेटीवाला

भाऊ, गरम पत्तीचं तुम्ही स्वतः शोधलंत, हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना ते कळायला वर्ष जातं.

मी 31 वर्षं हेच करतोय. वडिलांनी 1958 साली सुरू केलं. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, म्हणजे वडिलांची पहिली तेरा वर्षं त्या बंदीत गेली. तरी त्यांचं काम एक दिवस थांबलं नाही. कारण पेटी मैफलीपेक्षा देवळात जास्त वाजते. सप्ता, काकडा, भजन, कीर्तन, शाळा, क्लास. तुमचं गिऱ्हाईक तिथे आहे हे आधी डोक्यात पक्कं करा. मोठ्या कलाकाराची पेटी आली तर आनंदच आहे, पण घर भजनी मंडळं चालवतात.

घर चालतं का? माझं चालतं. पण पहिली तीन वर्षं वडिलांच्या जिवावर चाललं. तुम्ही दीड-दोन वर्षं धरून चला. काम वर्षभर सारखं येत नाही. आषाढीच्या आधी आणि गणपतीच्या आधी झोप मिळत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असतात, त्याच्या आधी विद्यार्थ्यांच्या पेट्या येतात. मधे असेही महिने जातात की आठवड्याला एक पेटी. ते महिने कसे काढायचे हे ठरवल्याशिवाय गाळ्यावर सही करू नका.

आता कामाचं. तुम्ही मोबाईलवर सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बघून लावत असणार. सुरुवातीला ठीक आहे, पण अ‍ॅप एक सूर बघतं आणि पेटीत दोन सूर एकदम वाजतात. खर्ज आणि नर एकत्र धरा आणि डोळे मिटा. आत वाँव-वाँव अशी लहर ऐकू येईल. ती लहर हळू होत होत थांबली की दोघं जुळले. आधी खर्ज अ‍ॅपवर लावा, मग नर त्याच्याशी कानानं जुळवा. सूर चढवायचा तर पत्ती टोकाशी घासायची, उतरवायचा तर मुळाशी, हे तुम्हाला कळलंच असेल. पण मुळाशी हात हलका ठेवा. तिथे पत्ती कमजोर झाली की दोन महिन्यांनी तुटते आणि गिऱ्हाईक तुमच्या नावानं बोटं मोडतं. गुजरातमधल्या पालिताण्याचा तयार सूर, म्हणजे दुसरी पत्ती घालून भागतं, पण त्याचा आवाज बाकीच्यांत मिसळायला आणखी एक दिवस जातो.

पावसाळ्यात बोटांखालच्या पट्ट्या चिकटतात म्हणून लोक पेटी घेऊन येतात. लाकूड फुगलेलं असतं. पट्टी तासू नका. मी नवखा असताना एका शाळेच्या पेटीच्या नऊ पट्ट्या तासल्या होत्या. थंडीत लाकूड आटलं आणि सगळ्या पट्ट्या खडखड वाजायला लागल्या. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पण पेटी दुसरीकडे देऊन नीट करून घेतली. ते मला आजही लागतं. आता मी पेटी चार दिवस कोरड्या खोलीत साठ वॅटच्या दिव्याजवळ ठेवतो. निम्म्या पट्ट्या आपोआप सुटतात.

आणि गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय सूर लावायला बसू नका. कोण गाणार, कुठल्या पट्टीत गाणार? साध्या पेटीतला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट वर असतो. ज्यांचा कान तयार आहे त्यांना तो टोचतो, म्हणून काही गायक गांधार ट्यूनिंग करून घेतात, म्हणजे एकाच षड्जाला धरून नैसर्गिक सूर लावून घेतात. पण काळी दोनसाठी (दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) तशी लावलेली पेटी पांढरी पाचला घेतली की बेसूर लागते. एकट्या गायकाची पेटी असेल तरच तसं करा. मंडळाची पेटी कुणीही कुठल्याही पट्टीत वाजवतं, ती साधीच लावा.

नवी पेटी बनवायच्या नादाला आत्ता लागू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मोडक्या पेट्या दिसतात. दोन घ्या, पूर्ण खोला, प्रत्येक सुराच्या पाठीवर पेन्सिलीनं नंबर टाका आणि परत जोडा. भाता उसवून नव्यानं चिकटवा. चुकायचं ते तिथे चुका, कुणाच्या वडिलांच्या पेटीवर नको.

गॅलरीतलं दुकान

दादा, मी कारागीर नाही, पण तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथे आमचं घर उभं होतं, म्हणून लिहितेय.

आमच्या ह्यांची नोकरी गेली तेव्हा ते 43 वर्षांचे होते. लाकडी खेळणी बनवायची आवड लहानपणापासूनची. ह्यांनी पहिल्याच महिन्यात पीएफ काढला, गाळा घेतला, फर्निचर केलं, बोर्ड लावला. उद्घाटनाला दीडशे माणसं आली. अकरा महिन्यांनी गाळा सोडला. काम वाईट नव्हतं हो. खेळणी आजही कुणी हातात घेतली की खाली ठेवत नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायचंय या धास्तीनं ते खेळणी सोडून मिळेल ते करत बसले. शेल्फ, चपलांचे स्टँड, काहीही. ज्याच्यासाठी दुकान टाकलं ते काम दुकानामुळेच मागे पडलं. मग गॅलरीला काचा लावल्या, टेबल ठेवलं, आणि तिथून खरी सुरुवात झाली. आज सहा वर्षं झाली.

तुमच्या गिऱ्हाईकाला रस्त्यावरचा बोर्ड लागत नाही. बुवा बुवाला सांगतो. घरातच बसा.

पैशांचं सांगते, कारण हे आम्ही उशिरा शिकलो. ग्रॅच्युइटी नीट तपासा. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून जी रक्कम होते, तिला 26 नं भागून 15 नं गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. आमच्या हिशेबात दोन वर्षं कमी धरली होती, अर्ज केल्यावर मिळाली. पीएफमधला पेन्शनचा भाग वेगळा असतो. तुमची 10 वर्षांच्या वर सेवा आहे, म्हणजे 58 ला पेन्शन बसेल, त्याची कागदपत्रं सांभाळा. आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच गेला असेल. आधी घरच्यांची पॉलिसी काढा, मग कानशी घ्या. आम्ही काढली नव्हती आणि त्याच वर्षी सासूबाईंचा खुबा मोडला.

छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

अजून एक. वहिनींना हे सगळं आकड्यांसकट सांगितलंय का? ह्यांनी मला गाळ्याचं सही करून झाल्यावर सांगितलं होतं. पैसे गेले त्यापेक्षा ते जास्त दुखलं.

चाकण_नाइट_शिफ्ट

दादा, बारा तासांची नोकरी घेऊ नका. मी करतोय. घरी आल्यावर हात धुवायचंही त्राण नसतं, पत्ती काय घासणार. पण नोकरीच नको असंही म्हणू नका. थर्ड पार्टी इन्स्पेक्शनवाले, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल तपासून देणारे, दिवसाच्या हिशेबानं माणसं घेतात, सॉर्टिंगला आणि फायनल इन्स्पेक्शनला. 19 वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्यांना हवाच असतो. आठवड्याचे तीन दिवस द्या, बाकीचे तीन पेटीला. हप्ता निघेल.

भोसरीकर46

सगळ्यांचे मनापासून आभार. चार महिन्यांनी परत लिहितोय. मधे लिहिण्यासारखं काही ठरलं नव्हतं.

ताई, तुमचा प्रतिसाद त्याच रात्री बायकोला वाचून दाखवला. तिनं वहीत दोन रकाने आखले आणि आम्ही साडेबारापर्यंत बसलो. गाळा नाही घेतला. पीएफला हात लावला नाही. ग्रॅच्युइटीतून पॉलिसी काढली आणि सात महिन्यांचे हप्ते बाजूला टाकले. बैठकीच्या खोलीतला दिवाण भावाकडे पाठवला, तिथे आता टेबल आहे.

सोमवार ते बुधवार इन्स्पेक्शनला जातो. महिन्याला 13-14 हजार पडतात. बाकीचे दिवस पेटी. आषाढीच्या आधी तीन आठवड्यांत 14 पेट्या झाल्या. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, झोप नव्हती. नंतरच्या महिन्यात पाच. पैसे अजून पुरत नाहीत, महिन्याला चार-पाच हजार शिलकीतून जातात. पण जानेवारीत घरात जी शांतता होती ती आता नाही.

जुन्या बाजारातून दोन पेट्या आणल्या. पहिलीचा भाता तीनदा चिकटवला. दोनदा कोपऱ्यातून हवा गेली, तिसऱ्यांदा धरला. हवेचे सगळे खटके बंद करून भाता भरला आणि बसायला किती वेळ घेतो ते मोजलं. आता प्रत्येक पेटीला आली तेव्हा किती सेकंद आणि गेली तेव्हा किती सेकंद, असं कार्ड करतो. देहूच्या एका मंडळानं ते कार्ड पेटीच्या झाकणात आतून चिकटवलंय.

लहर ऐकायला मात्र मला जमत नव्हतं. 19 वर्षं मशीनच्या आवाजात गेल्यानं असेल. एका रात्री मुलगी अभ्यास करता करता आतल्या खोलीतून म्हणाली, "बाबा, अजून हलतोय तो." तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं ती माझ्याजवळ बसते. मी पत्ती धरतो, ती "थांबला" म्हणते. आता मलाही थोडं थोडं ऐकू यायला लागलंय.

आज एका ताईंची पेटी आलीय. त्या काळी चारमध्ये गातात आणि गांधार लावून हवाय म्हणतात. पण त्याच पेटीवर त्यांचा मुलगा क्लासचं वाजवतो, पांढरी एकपासून. काका, अशा वेळी काय सांगता गिऱ्हाईकाला? अजून पेटी उघडलेली नाही.

सांगलीचा पेटीवाला

उघडू नका. आधी त्या ताईंना समोर बसवा, साध्या पेटीवर काळी चारचा षड्ज-गंधार द्या आणि त्यांना गायला सांगा. मग मुलाला पांढरी एकमधला धडा वाजवायला सांगा. दोघांनी एकमेकांचं ऐकू द्या. ठरवू द्या त्यांना.