डिस्ट्रोचा इन्स्टॉलर सुधारायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : पार्टिशनपाल

डेबियनवर बेतलेल्या एका छोट्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तयार संचाचा) इन्स्टॉलर आम्ही दोघे सांभाळतो. त्यासाठी कॅलामारेस हा तयार इन्स्टॉलर वापरतो. तक्रारी मुख्यतः चार प्रकारच्या येतात : डिस्क यादीत दिसतच नाही, विंडोजचे पार्टिशन लहान करताना काम अडते, एन्क्रिप्शन निवडले की पहिल्या बूटला बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि प्रगतीची पट्टी ९० टक्क्यांच्या पुढे हलेनाशी झाली की लोक पॉवर बटण दाबून मोकळे होतात. पुढच्या आवृत्तीत एकाच गोष्टीवर नीट काम करता येईल. पडद्यांचे रूप बदलावे असा एक सूर आहे. तुम्ही काय आधी घ्याल?

उत्तर १ : सेक्टर शून्य

रूप राहू द्या. डिस्क निवडण्याची पायरी आधी घ्या, कारण तिथली चूक परत फिरवता येत नाही.

डिस्क दिसत नाही, यामागे बहुतेक वेळा फर्मवेअरमधला (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) रेड मोड, म्हणजे अनेक डिस्का एकत्र हाताळण्याची सोय, असतो. इंटेलच्या आरएसटी या डिस्का सांभाळणाऱ्या व्यवस्थेने एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) एएचसीआय या साध्या डिस्क-कंट्रोलरमागे लपवली, की कर्नल आपल्या लॉगमध्ये तसे स्पष्ट लिहितो : इतकी रीमॅप केलेली एनव्हीएमई उपकरणे सापडली, मोड बदला. इन्स्टॉलरने ती ओळ शोधून पडद्यावर दाखवायची, एवढेच काम. पण 'एएचसीआय करा' असा नुसता सल्ला छापू नका. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज न करता मोड बदलला, तर विंडोजच उठत नाही. ही सूचना त्याच पडद्यावर हवी.

पार्टिशन लहान करताना अडते, त्याची कारणे दोन, आणि इन्स्टॉलरने ती वेगळी ओळखायला हवीत. पहिले फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट हायबरनेट होते, एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल सिस्टिमवर) तशी खूण राहते आणि एनटीएफएसरिसाइझ हे पार्टिशन लहान करणारे साधन हात लावायला नकार देते. ते योग्यच आहे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शटडाउन केले की पुरते. दुसरे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन. त्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये एनटीएफएसच्या जागी बिटलॉकरची सही असते. ती दिसली की 'लहान करा' हा पर्याय दाखवूच नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करायला सांगा. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) बदलल्यावर बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, म्हणून ती आधी हाताशी ठेवा हेही तिथेच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

आणि यादीत 'एसडीए', 'एसडीबी' एवढेच नको. मॉडेल, आकार, सीरियल नंबरचे शेवटचे चार अक्षरांक आणि आत सापडलेली सिस्टिम, हे सगळे एका ओळीत हवे. 'एसडीए'सारखी नावे प्रत्येक बूटला तीच राहतील याची खात्री नसते. ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू आहे तो यादीत येताच कामा नये.

उत्तर २ : कीमॅप

पासवर्डाचे कोडे सोपे आहे. /बूट हे कर्नल ठेवायचे फोल्डरसुद्धा एन्क्रिप्ट केले असेल तर पासवर्ड ग्रब हा बूटलोडर विचारतो, आणि ग्रबचा कीबोर्ड यूएस लेआउटचा असतो. इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्या लेआउटवर टाइप केलेला पासवर्ड तिथे वेगळाच उमटतो. शिवाय ग्रबच्या २.०६ आवृत्तीत एलयूकेएस२ (लिनक्सचे डिस्क-एन्क्रिप्शन) आले ते पीबीकेडीएफ२ या पासवर्डातून की बनवण्याच्या पद्धतीपुरते. एन्क्रिप्शन बसवणारे क्रिप्टसेटअप मात्र एलयूकेएस२ साठी आपणहून आर्गॉन२आयडी ही दुसरी पद्धत वापरते, जी त्या ग्रबला कळत नाही. उपाय : १ जीबीचे वेगळे, एन्क्रिप्ट न केलेले /बूट ठेवा. मग पासवर्ड इनिटरॅमएफएस (कर्नलबरोबर सुरू होणारी छोटी प्राथमिक सिस्टिम) विचारते आणि तिथे निवडलेला लेआउट घालता येतो. कर्नल उघड्यावर राहतो, ही त्याची किंमत आहे. सिक्युअर बूटने ती काही अंशी भरून निघते.

देवनागरी लेआउट निवडणाऱ्यांचा विचार वेगळा करा. यूएस पहिला आणि इनस्क्रिप्ट दुसरा, अशी जोडीच बसवा. एकटा इनस्क्रिप्ट असेल तर यूजरनेम टाइप करता येत नाही. साध्या कन्सोलवर जोडाक्षरेही जुळत नाहीत. डेबियनचा स्वतःचा इन्स्टॉलर मराठी फक्त ग्राफिकल रूपात देतो तो याचसाठी.

पार्टिशनपाल

दोन्ही मुद्दे पटले. पट्टीचे काय करावे? आणि खऱ्या डिस्का पणाला न लावता हे सगळे तपासायचे कसे?

उत्तर ३ : ओव्हीएमएफ

फाइली उतरवतानाची टक्केवारी फाइलींच्या संख्येवर चालते. इनिटरॅमएफएस बनवणे किंवा बूटलोडर बसवणे हे मात्र प्रत्येकी एकच काम, म्हणून तिथे पट्टी थिजल्यासारखी वाटते. कॅलामारेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलला (कामाच्या टप्प्याला) पट्टीतले वजन देता येते. या दोघांचे वाढवा. पट्टीखाली चालू कामाचे नाव आणि गेलेला वेळ दाखवा. सेकंद पुढे सरकताना दिसले की पॉवर बटणाकडे हात जात नाही.

तपासणी क्यूईएमयू या आभासी संगणकात करा. जुने बायोस आणि नवे यूईएफआय या दोन्ही फर्मवेअरवर रिकामी डिस्क, विंडोज असलेली डिस्क आणि जुने लिनक्स असलेली डिस्क, अशा सहा जोड्या पुरेत. सर्वांत मोलाची चाचणी ही : रॉ इमेजचा (आभासी डिस्कच्या फाइलीचा) शा-२५६ हा ठसा काढा, सारांशाच्या पडद्यापर्यंत जा, रद्द करा, पुन्हा शा-२५६ काढा. एक बिट जरी बदलला तरी तो बग आहे. हा बग हमखास सापडतो, कारण लाइव्ह सत्र डिस्कवरचे स्वॅप (रॅमला पूरक जागा) परस्पर वापरते, किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन माउंट होते. ते नुसते वाचण्यापुरते माउंट केले तरी अर्धवट राहिलेले जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवले जाते. माउंट करताना 'नोलोड' हा पर्याय दिला तरच टळते.

त्यानंतर मुद्दाम तीन ठिकाणी क्यूईएमयू मारून पाहा : पार्टिशन टेबल लिहिल्यावर, फाइली उतरताना आणि बूटलोडरच्या आधी. तिन्ही वेळा इन्स्टॉलर पुन्हा सुरू केल्यावर न अडखळता डिस्क वाचता आली पाहिजे.

उत्तर ४ : सेक्टर शून्य

एक राहिलेच. काही फर्मवेअर एनव्हीरॅममधली (मदरबोर्डवरच्या मेमरीतली) नवी बूट नोंद मानत नाहीत. म्हणून ईएसपी या यूईएफआयच्या बूट-पार्टिशनवरच्या ईएफआय/बूट या ठरलेल्या फोल्डरमध्येही बूटलोडरची प्रत ठेवण्याचा पर्याय द्या, पण तिथे आधीच दुसऱ्याची फाइल असेल तर विचारल्याशिवाय तिच्यावर लिहू नका. विंडोजने बनवलेली ईएसपी बऱ्याचदा १०० एमबीचीच असते. ग्रबला ती पुरते, पण सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर कर्नलही तिथेच ठेवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या अपडेटला जागा संपते. मोकळी जागा इन्स्टॉलरने सुरुवातीलाच मोजावी.

लॉगची फाइल कॅलामारेसच्या प्रिझर्व्हफाइल्स मॉड्यूलने नव्या सिस्टिमच्या /व्हार/लॉगमध्ये ठेवा. इन्स्टॉल फसले तर हे मॉड्यूल त्याच्या कॉन्फिगमध्ये 'इमर्जन्सी' चालू केले असेल तरच चालते, त्यामुळे त्रुटी दाखवणाऱ्या पडद्यावर 'लॉग पेनड्राइव्हवर जतन करा' असे बटण लागेल.