आजोबांची ठासणीची बंदूक: वाटणीत किंमत काय धरावी?

तळकोकणी

सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची. डुकरं आणि माकडांपासून शेती राखायला म्हणून आजोबांच्या नावे परवाना होता. ते गेल्यापासून ती माजघरातल्या खुंटीवरच आहे. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, बाकी कोणी हात लावत नाही. आता घराच्या वाटण्या चालू आहेत आणि काकांचं म्हणणं, बंदुकीचीही किंमत धरा.

वर्णन देतो. उभी केली की माझ्या खांद्याला लागते. नळी सव्वातीन फूट, तोंडाशी भोक साधारण १९ मिलिमीटर. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आहे, पुढच्या पंजांत गोलसर काहीतरी धरलेला. घोडा केपवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर) पडतो. दस्त्याला एका बाजूने चीर आहे, तिथे तांब्याची तार गुंडाळली आहे.

जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ पंधरा हजार देतो म्हणाले. चुलतभावाने टिपू सुलतानाच्या बंदुकीच्या लिलावाची बातमी पाठवली, त्यामुळे घरात सगळ्यांचे आकडे एकदम वर गेलेत. खरी किंमत कोण सांगेल?

रानवाट

पंधरा हजारांत अजिबात देऊ नका. दोनशे वर्षं जुनी वस्तू आहे. इथे कोणाला कदर नाही, लंडनच्या लिलावगृहाला फोटो पाठवा.

जुनेलोखंड

तळकोकणी, किमतीचं नंतर बोलू. आधी नळी भरलेली आहे का ते बघायला हवं. घोडा ओढू नका, चाप दाबून बघू नका, नळीत डोकावू नका. तोंड मोकळ्या दिशेला ठेवा आणि स्वतः बाजूला उभे राहा. एक सरळ लाकडी काठी नळीत हलकेच, आपल्या वजनाने जाईल तेवढीच सोडा. तोंडाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून टोक कुठवर येतं ते पाहा. केप बसते त्या निपलच्या जवळपास टोक आलं तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. मी परवानाधारक बंदूक दुकानात उमेदीची सगळी वर्षं काढली. भिंतीवर शोभेला टांगलेल्या बंदुका भरलेल्या निघाल्या आहेत, म्हणून एवढं सांगतोय.

आता तुमचा सिंह. त्याच्या पंजांत मुकुट आहे. हे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह. कंपनीच्या बंदुकांवर आधी चार भागांत विभागलेलं बदाम असायचं, त्यात कंपनीची आद्याक्षरं. १८०८च्या सुमारास त्या जागी हा सिंह आला. ३९ इंची नळी आणि पाऊण इंचाचं भोक ही मापंही कंपनीच्या शिपायांच्या मस्केटशी, म्हणजे लांब नळीच्या ठासणीच्या बंदुकीशी, जुळतात. पण ती मुळात चकमकीची, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी असायची. तुमचा घोडा केपवर पडतो, म्हणजे एकतर ती १८४०नंतरची आहे किंवा जुनी चकमकीची बंदूक पुढे केपची करून घेतली आहे. ओळखायचं असेल तर पट्टी तिरप्या उजेडात धरा. घोड्याच्या पुढच्या भागात रंजकाचा कान (दारूची चिमूट ठेवायची वाटी) आणि गारगोटी आपटायचं पोलादी पातं बसायचं. ते काढल्यावर स्क्रूची भोकं लोखंडाने बुजवून कानशीने सपाट करत. पट्टीवर वेगळ्या रंगाचे लहान गोल ठिपके दिसले तर बदल नक्की झालाय.

रानवाट, तुमची तळमळ कळते, पण लंडन विसरा. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिथला आकडा इथल्या बंदुकीला लावण्यात अर्थ नाही.

शिवाय नुसत्या वयाने बंदूक महाग होत नाही. कंपनीच्या मस्केट प्रचंड संख्येने बनल्या. २००३ साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला हजारो बंदुकांचा साठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी उचलला, त्यात कंपनीचा मालही होता. संग्राहकाला साधी मस्केट आजही मिळते. टिपूचं म्हणाल तर २०१५ला लंडनमध्ये त्याच्या शस्त्रागारातली एक चकमकीची शिकारी बंदूक सात लाख पौंडांच्या वर गेली आणि २०१९ला इंग्लंडमध्येच दुसरी साठ हजार पौंडांना. दोन्ही टिपूच्याच म्हणून विकल्या गेल्या, तरी एवढी तफावत. कारागिरी, नळीवरचं मूळ काम, कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची साखळी, या गोष्टींना पैसे पडतात. शिपायाच्या बंदुकीत त्यातलं फार थोडं असतं.

आणि हात जोडून सांगतो, तिला चकचकीत करू नका. चिंच, राख, पॉलिश, काचकागद, काहीही नाही. तो काळपट तपकिरी थर दीडदोनशे वर्षांनी चढलेला आहे. तो गेला की सिंहाच्या कडा बोथट होतात आणि जाणकार तिथेच नजर फिरवतो. हळदकुंकू मात्र ओलसर राहून लोखंड खातं. ते कोरड्या मऊ कापडाने पुसा, पूजा दस्त्याची करा. तांब्याची तार काढू नका, ती कोणीतरी बंदूक वापरात ठेवायला बांधली आहे.

शिरस्तेदार

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर होतो, म्हणून लिहितो. जुनी आहे, दुर्मीळ आहे, म्हणून परवाना लागत नाही हा समज चुकीचा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५मधली सूट दुरुस्ती करूनसुद्धा चालणार नाही अशा हत्यारालाच आहे. ठासणीची बंदूक बहुधा त्यात बसत नाही. परवानाधारक वारला की वारसांनी ती विनाकारण वेळ न घालवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, कलम २१. जमा केली म्हणजे गेली असं नव्हे. पावती घ्या. मुदतीत एका वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो किंवा परवाना असलेल्या माणसाला विकता येते. अर्जाला बाकी वारसांची ना-हरकत लागते, म्हणजे तुमची वाटणी आधी कागदावर यायला हवी. आजोबांचं परवान्याचं पुस्तक शोधा. गाडीत घालून मुंबईला नेऊ नका. त्या पंधरा हजारवाल्यांना आधी परवाना विचारा. नसेल तर देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

तळकोकणी

जुनेलोखंड, काठी घालून बघितली. निपलच्या वीतभर अलीकडे थांबली. बंदूक तशीच ठेवून खोलीला कुलूप लावलंय, मुलांना बाहेर काढलं. पट्टीवर ठिपके आहेत, तीन स्पष्ट दिसतात. परवान्याचं पुस्तक आजीच्या ट्रंकेत मिळालं. दस्त्यावर आजोबांनी आडव्या खाचा पाडल्यात, काका म्हणतात त्या मारलेल्या डुकरांच्या.

जुनेलोखंड

कुलूप लावलंत ते उत्तम. आता आत काही घालू नका, वरून पाणी-तेल ओतण्याचा उपायही कोणी सांगेल, तो करू नका. ठाण्यात फोन करून स्पष्ट सांगा: वारसाहक्काची बंदूक आहे, भरलेली असण्याची शक्यता आहे, माणूस पाठवा. रिकामी करणं हे आर्मररचं (पोलिसांच्या शस्त्र-कारागिराचं) किंवा परवानाधारक बंदूक कारागिराचं काम.

तीन ठिपके म्हणजे चकमकीची बंदूक केपची करून घेतलेली. मूळ चकमकीच्या तुलनेत संग्राहक हिला कमी देईल. दस्त्याची चीर आणि खाचा त्याला आणखी खाली उतरवतील. परवानाधारकालाच विकायची असल्याने गिऱ्हाईक मोजकं. माझ्या अंदाजाने त्या गृहस्थांनी सांगितलेला आकडा फार कमी नाही, लाखाच्या गोष्टी तर सोडूनच द्या. वाटणीपत्रात पंधरा हजार धरा, कोणावर अन्याय होणार नाही.

पण विकण्याआधी माझं ऐका. कंपनीच्या शिपायाची मस्केट सावंतवाडीच्या रानात डुकरांवर चालली, आणि परवान्याच्या पुस्तकासकट घरात राहिली. असा पूर्ण इतिहास असलेली बंदूक मला दुकानात क्वचितच बघायला मिळाली. ज्या भावंडाला ती ठेवायची इच्छा आहे त्याच्या नावे वारसाचा अर्ज करा. जमा करताना सिंह, खाचा आणि तार यांचे जवळून फोटो काढून पावतीला जोडा, परत घेताना तीच वस्तू आहे हे ताडता येईल. आणि खाचांबद्दल काकांना जे आठवतं ते त्यांच्याकडून तारीख-सहीनिशी लिहून घ्या.