एपिजेनेटिक्सला सोप्या मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: गरोदरपणातल्या आहारावर लेख लिहितेय. 'आईच्या चयापचयाचा बाळाच्या एपिजेनेटिक्सवर परिणाम होतो' या वाक्याशी अडले. 'अधिजनुकशास्त्र' लिहिलं तर वाचक पान उलटेल. 'आनुवंशिक बदल' चालेल?

घाटवळण: नाही. (तरी 'अनुवांशिक' लिहिलं नाहीत, आभार!) आनुवंशिक म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जनुकातला फरक डोळ्यांसमोर येतो. इथे डीएनएचा क्रम बदलतच नाही. त्यावर मिथाइल गटांसारख्या रासायनिक खुणा बसतात आणि कुठलं जनुक किती काम करेल हे त्यावरून ठरतं. हे मिथाइल गट चयापचयातूनच पुरवले जातात. त्या साखळीत फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात, म्हणून आईच्या ताटाचा संबंध.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या काळात जी मुलं गर्भात आली, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर साठ वर्षांनीही मिथाइलच्या खुणा सख्ख्या भावंडांपेक्षा कमी सापडल्या. हा अभ्यास २००८चा.

उंबरठा: मग सरळ 'गर्भसंस्कार' म्हणा की!

घाटवळण: कृपया नको. त्या शब्दाबरोबर श्लोक, संगीत आणि 'आईनं मनावर घेतलं तर' हे सगळं येतं. उपासमार कुणी मनावर घेऊन केली नव्हती. शिवाय बापाचं काय? त्याच्या आहाराच्या खुणा शुक्राणूंतून पुढे जातात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे.

तिसरी_घंटा: माझा आक्षेप क्रियापदावर. 'होतो' नव्हे, 'होऊ शकतो'. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध (म्हणजे इन्सुलिनला शरीरानं कमी दाद देणं) जास्त आढळला. एपिजेनेटिक्स हे त्यामागचं एक संभाव्य कारण, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आणि चयापचय म्हणजे पचन नाही, शरीराच्या पेशींत चालणाऱ्या सगळ्या रासायनिक क्रिया, तेही एकदा लिहाच.

शाईपेन: 'आईच्या चयापचयाचा बाळाच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणांवर परिणाम होऊ शकतो.' कसं वाटतं? 'खुणा'ऐवजी 'ठसे' घालू का?

घाटवळण: 'खुणा'च ठेवा. 'ठसा' मी इंप्रिंटिंगसाठी राखून ठेवेन. आयजीएफ-२ची बापाकडून आलेली प्रत चालू आणि आईकडची बंद असते, तो प्रकार. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर पुढच्या परिच्छेदात तुम्हीच अडकाल.