अमोनियाचा लेख की अमोनियाचं समीकरण?

निळा लिटमस
तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात अकरावीला रसायन शिकवते. यंदा 'केमिकल इक्विलिब्रियम' (रासायनिक समतोल) हा धडा अर्धा झाल्यावर मुलांना अमोनियावरच्या एका मराठी लेखाच्या झेरॉक्स वाटल्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेबरने १९०९ साली प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया केला, बॉशने तो कारखान्यात उतरवला, १९१३ ला जर्मनीत ओपाउला उत्पादन सुरू झालं. आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन वायू सोडला गेला, तो याच हेबरच्या देखरेखीखाली. दुसऱ्या दिवशी एकीने विचारलं, "मॅडम, या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते ना? मग थंड ठेवली तर अमोनिया जास्त मिळेल. साडेचारशे अंशांना कशाला तापवतात?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक धड्याला असा एक लेख हवाच, असं माझं मत झालंय.

खडूफळा
मॅडम, तो प्रश्न ले शाटेलिएच्या तत्त्वातून (समतोलावर बदल लादला की तो त्या बदलाच्या विरुद्ध बाजूला सरकतो) आला, आणि ते तुम्ही पुस्तकातूनच शिकवलं होतंत! लेखाने फक्त साडेचारशेचा आकडा पुरवला.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे ईप्र येत नाही. शेपूट तोंडात धरलेला साप स्वप्नात दिसला आणि केकुलेला बेंझीनच्या रेणूची कड्यासारखी रचना सुचली, ही गोष्ट मीही वर्गात रंगवून सांगायचो. पुढे बेंझीन ब्रोमीन वॉटरचा रंग का घालवत नाही विचारलं, की सगळे माना खाली. साप तेवढा पक्का लक्षात. (स्वप्नाची गोष्टही केकुलेने जाहीरपणे सांगितली १८९० मध्ये, मूळ निबंधानंतर २५ वर्षांनी. खरी किती, देव जाणे.)

थळकर
अलिबागजवळ थळला वाढलो. आरसीएफच्या खत कारखान्याच्या चिमण्या रोज दिसायच्या. आत तीच पाठ केलेली अभिक्रिया चालते, हे कळायला मला बीएस्सी उजाडावं लागलं. एका लेखाने काम झालं असतं.

खडूफळा
लेख धड असेल तर. "उत्प्रेरकामुळे अमोनिया जास्त मिळतो" हे वाक्य मी छापील लेखात वाचलंय. उत्प्रेरक फक्त अभिक्रियेचा वेग वाढवतो; त्याने समतोल लवकर गाठला जातो, सरकत नाही. मुलगा हे वाचून पेपरात लिहितो आणि मार्क जातात, लेखकाचं काय जातं?

निळा लिटमस
हे मान्य, सर. मग तेच वाक्य फळ्यावर लिहून "चूक शोधा" म्हणेन.

त्या मुलीचं उत्तर मात्र आम्ही दोन तास काढत बसलो. नायट्रोजनचा तिहेरी बंध कमी तापमानाला सुटता सुटत नाही. अमोनिया जास्त मिळेल खरा, पण कधी? म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक, २०० ॲटमॉस्फिअरच्या आसपास दाब आणि तापमानाची तडजोड. तरी एका फेरीत जेमतेम १५ टक्के हाती लागतो, उरलेला वायू पुन्हा आत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोरं या दोन तासांत पहिल्यांदा बोलती झाली, कारण लेखात 'उत्प्रेरक' होता, 'कॅटलिस्ट' नव्हता.

खडूफळा
दोन तास! माझा पोर्शन तुम्ही पूर्ण करून द्याल का? चूक शोधायला लावणं मात्र करून बघतो, पंधरा मिनिटांत बसवून.

निळा लिटमस
'प्रत्येक धड्याला' हे मागे घेते. मोल कन्सेप्टवर वर्गात देण्याजोगा एकही लेख मला अजून मिळालेला नाही. कुणाकडे असेल तर इथे टाका.